दोघांचा संवाद: ओव्हर द शोल्डर की एकेकट्याचा क्लोजअप?

प्रसंग दोघांच्या बोलण्याचा, हाताशी एकच कॅमेरा आणि अर्धा दिवस. काय घ्यायचं: ओव्हर द शोल्डर, म्हणजे एकाच्या खांद्यामागून दिसणारा समोरच्याचा चेहरा, की क्लोजअप, म्हणजे जवळून फक्त एकाचा चेहरा?

वेळ क्लोजअपमध्ये वाचतो. लाइटिंग एकाच चेहऱ्याचं, मागे दिसणारी जागा थोडी. समोरचा नट निघून गेला असला तरी लेन्सला लागून कुणाला उभं करून नजर जुळवता येते. ओव्हर द शोल्डरला दोघंही हवेत, शिवाय उंचीत फरक असेल तर एकाच्या पायाखाली लाकडी पेटी.

खरी गोची एडिटिंगच्या टेबलावर कळते. ओव्हर द शोल्डरमध्ये पाठमोऱ्याचा जबडा हलताना दिसतो, हातातला कप एका टेकमध्ये वर तर दुसऱ्यात खाली. मग एखादं वाक्य गाळायचं म्हटलं तरी अडतं. क्लोजअपमध्ये ही मोकळीक भरपूर. फक्त संवाद एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर आवाज कापता येत नाही.

पण कोण कुणाच्या किती जवळ बसलंय, हे तो खांदाच सांगतो. नुसते क्लोजअप जोडले की माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यासारखी वाटतात. १८० अंशांची रेषा, म्हणजे दोघांना जोडणारी कल्पित रेषा, दोन्ही प्रकारांत पाळायचीच: कॅमेरा तिच्या एकाच बाजूला.

नट नवखे, संवाद ऐनवेळी बदलणारे, वेळ कमी: आधी एक टू शॉट (दोघं एकाच चौकटीत), मग क्लोजअप. तालीम पक्की आणि दोघांतली जवळीक किंवा दबाव दाखवायचा: ओव्हर द शोल्डर.