ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला लोअरिंग स्प्रिंगा : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी माझ्या सेडानला ४० मिमी लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी तेवढी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा, बसवल्या. गाडी कायम चारही चाकांना ताकद देणारी, तेव्हा सत्तर हजार किलोमीटर झालेली, शॉकॲब्सॉर्बर मूळचेच. त्यानंतर अकरा हजार किलोमीटर झाले. शेवटचे दोन हजार मात्र २० मिमीच्या स्प्रिंगांवर आहेत, आणि ४० च्या का काढल्या तेच इथे सांगायचं आहे.

आधी चांगलं सांगतो. वळणावर गाडीचं कलणं कमी झालं, स्टिअरिंगला ती चटकन उत्तर देऊ लागली, आणि दिसायलाही फार देखणी झाली. खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल जिथे संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटायची, कारण गाडीला खाली दबायला मिळणारी जागा ४० मिमीने कमी झाली होती. ते मी गृहीत धरलं होतं.

गृहीत धरली नव्हती ती थरथर. ताशी ७० ते ९० च्या दरम्यान, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सीटखालून एक जाडसर कंप यायचा. पाय उचलला की त्याच क्षणी गायब. स्टिअरिंगमध्ये काहीच नाही. पहिले काही दिवस कडक स्प्रिंगांमुळे असेल असं वाटलं. महिन्याभरात स्प्रिंगा आणखी थोड्या दबल्या आणि कंप स्पष्ट झाला.

मी आधी चाकांमागे लागलो. बॅलन्सिंग तीनदा केलं, टायर पुढचे मागे केले. फरक शून्य. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. चाकाचा तोल बिघडला असेल तर पाय ॲक्सिलरेटरवर असो वा नसो, त्या वेगाला कंप येणारच. पाय उचलताच जो जातो, त्याचा संबंध टॉर्कशी, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराशी आहे. अलाइनमेंट मात्र करावीच लागते. मागची चाकं वरून आत झुकली होती, टो (चाकांची सरळ रेषेशी असलेली दिशा) बिघडला होता आणि टायरच्या आतल्या कडा खाल्ल्या जात होत्या. या प्रकारच्या गाडीत चारही टायरांची झीज सारखी नसेल तर मधल्या डिफरन्शियलवर (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) सतत ताण येतो, म्हणून हे टाळू नका.

नंतर एका अनुभवी मेकॅनिकने खालून बघून विचारलं, सस्पेन्शनच्या आर्मचे (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट कसे आवळले होते? चाकं हवेत लटकत असतानाच आवळले होते. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, त्याच्या आतली नळी बोल्टने पकडली जाते. लटकत्या स्थितीत आवळली तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, कंप गिळायचं सोडून तो बॉडीत पोचवतं आणि लवकर फाटतं. सगळे बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना पुन्हा आवळले. कंप निम्मा झाला. एवढ्या साध्या कामाने इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

उरलेल्या निम्म्याचा माग लागला तो मागच्या सीटमुळे. मागे तिघं बसले की थरथर वाढायची, मी एकटा असलो की कमी. म्हणजे मागचा भाग खाली गेला की त्रास वाढत होता.

कारण मागच्या ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे मागच्या डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, कोनात आहे. हे डिफरन्शियल बॉडीबरोबर खाली येतं, चाक आहे तिथेच राहतं. शाफ्टच्या दोन टोकांच्या वाकणाऱ्या जॉइंटमधलं अंतर ३५० मिमी धरलं तर ४० मिमीने कोन सुमारे साडेसहा अंशांनी बदलतो, २० मिमीने सव्वातीन अंशांनी. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर तीन खाचांमध्ये सरकतात. कोन मोठा आणि वर टॉर्कचा भार असेल तर त्यांच्या घर्षणाने शाफ्ट एका फेरीत तीनदा आत-बाहेर ढकलला जातो. त्यात सत्तर हजार किलोमीटर एकाच जागी चालून खाचा झिजलेल्या, आणि आता रोलर त्या झिजेच्या कडेवर आलेले.

हे पडताळता येतं. माझ्या २२५/४५ आर१७ टायरचा घेर जवळपास २ मीटर. ताशी ८० ला चाक सेकंदाला ११ फेऱ्या घेतं, त्याच्या तिप्पट ३३. फोन मागच्या सीटखालच्या पत्र्यावर टेकवून कंपन मोजणाऱ्या ॲपवर पाहिलं, आलेखातला उंचवटा ३३-३४ हर्ट्झलाच (सेकंदाला ३३-३४ कंपनं) होता. प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागच्या डिफरन्शियलकडे ताकद नेणारा लांब दांडा) या वेगाला सेकंदाला ४५ च्या आसपास फिरतो, तिथे काही नव्हतं. दोन ठिकाणी मला तो शाफ्टच बदलायला सांगितलं होतं! मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत डिफरन्शियल बॉडीला किंवा सबफ्रेमला बांधलेलं असतं, त्यामुळे नुसत्या स्प्रिंगा बदलून प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलत नाही. अखंड ॲक्सलच्या (दोन्ही मागची चाकं एकाच कडक दांड्याला जोडलेल्या) गाडीत बदलतो, ती गोष्ट वेगळी.

मागचे दोन्ही आतले जॉइंट नवे टाकले. एकटा असताना थरथर संपली, चौघं असताना थोडी राहिली. डावीकडच्या बाहेरच्या जॉइंटवरच्या बूटाच्या (ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासून रबर पातळ झालेलं दिसलं, तेव्हा ४० मिमीचा हट्ट सोडला. बूट फाटला की ग्रीस जातं आणि नवा जॉइंटही टिकत नाही.

माझ्या मते जास्त किलोमीटर झालेल्या अशा गाडीला २० ते २५ मिमी पुरे. स्प्रिंगा घेण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा, आणि खाली वाकून शाफ्ट आत्ताच किती तिरके आहेत ते बघा. काही गाड्यांत ते मुळात बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले असतात, त्यांना थोडं लोअर करणं उलट सोयीचं पडतं. माझ्या गाडीत ते आधीच सपाट होते.

२० मिमीवर वळणावरची मजा बरीचशी टिकली आहे. गेल्या आठवड्यात चौघं बसून, डिकी भरून एक लांब चढ चढलो. ८० ला ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि मागच्यांना विचारलं. त्यांना काही जाणवलं नव्हतं.