२४ फुटी शिडाची होडी बांधून घ्यायची: फळ्यांची की प्लायवुडची?

कोकण किनाऱ्यावर घरच्यांना घेऊन फिरायला होडी बांधायची, तर लाकूड निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: वर्षातले किती महिने ती पाण्यात असणार?

पठाण (तळाचा लांब मुख्य वासा), वांक (त्यावर बसवलेल्या वाकड्या बरगड्या) आणि फळ्यांची जुन्या पद्धतीची होडी पाण्यातच धड राहते. लाकूड फुगतं, फटी आवळतात. एप्रिल-मेच्या उन्हात काठावर ठेवली की इंचभर जाडीच्या फळ्याही आकसतात, आणि पाण्यात घातल्यावर पहिले एक-दोन दिवस पाणी उपसत बसावं लागतं. घोटाळा इथेच होतो. फटी दिसल्या म्हणून सूत ठासून भरतात; मग फळ्यांना फुगायला जागा उरत नाही, खिळे ताणले जातात, वांक तडकतात. आधी ओल्या गोणपाटाने फळ्या झाकाव्यात आणि सूत हलक्या हाताने भरावं.

खिळे तांब्याचेच घ्या. लोखंडी खिळा गंजताना भोवतालचं लाकूडही मऊ करतो, मग तो धरत नाही. खराब फळी काढून नवी घालणं मात्र सोपं, अर्थात तसा सुतार जवळ असेल तर. नसेल तर ही वाट सोडलेलीच बरी.

शनिवार-रविवारी फिरून होडी परत शेडमध्ये ठेवणार असाल, तर मरीन प्लायवुड आणि इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा राळेसारखा चिकटपदार्थ). सुकली म्हणून ती गळत नाही. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का पाहा. तळ व बाजूंना १२ मिमी, डेकला ९ मिमी. आठ फुटी तक्ते टोकाला टोक जोडताना कडा तिरप्या तासून एकमेकींवर चिकटवा; उतार १:८ ठेवा, म्हणजे १२ मिमी जाडीला ९६ मिमी लांबीचा. कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी तिथूनच शिरतं आणि रंगाखाली प्लाय कुजत जातं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवा, मगच घासा. नाहीतर पुढचा हात चिकटत नाही. सागाला तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा.

दोन्हींचा खरा शत्रू खारं पाणी नाही, डेकमधून झिरपणारं पावसाचं पाणी आहे. केबिनला हवा खेळती हवी. फळ्यांच्या होडीला लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा त्रास वेगळा. तळाचा रंग चुकवू नका.

पैसे लाकडात वाचवायला जाऊ नका. नुसती होडी म्हणजे एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा. बाकी डोलकाठी, शिडं, इंजिन, तळातलं वजन. बचत लांबीत आहे: त्याच प्रमाणात २४ ची २८ फूट केली, तर होडीचं वजन दीडपटीहून जास्त होतं.

शिडाबद्दल एवढंच: मचव्याचं तिरकं लांब परबाण (शीड ज्याला बांधतात तो वासा) देखणं खरं, पण दिशा बदलताना ते डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागतं. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं एवढ्यांचं ते काम नव्हे. साधं लग शीड (चार कोनी, दिशा बदलताना पलीकडे न्यावं न लागणारं) घ्या.