बॅटरीवरची ग्रीस गन: आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये ही गन 16,000 रुपयांना घेतली तेव्हा घरच्यांनी वेड्यातच काढलं. माझ्याकडे एक बॅकहो (लोकांच्या तोंडी जेसीबीच), दोन ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर. उन्हाळ्यात उमरेडकडे शेततळी आणि नाल्यांची कामं, ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर. मधे श्वास घ्यायला फुरसत नाही.

बकेट आणि बूमच्या पिनांना दर 10 तासांनी ग्रीस द्यायचं असतं. नवतप्यात 45 डिग्रीला कोण देतं? ऑपरेटर "मारलं ना भाऊ" म्हणायचा आणि मारलेलं नसायचं. त्याचंही काय चुकलं? हातगनचा लिव्हर दाबायला एक हात, गन धरायला दुसरा, आणि निप्पलवर (ग्रीस आत घेणारं छोटं तोंड) कपलर (गनच्या होसचं, म्हणजे नळीचं, टोक) धरायला तिसरा आणायचा कुठून? तीसेक निप्पल म्हणजे पाऊण तास मोडायचा. आता पंधरा मिनिटांत आटोपतं, म्हणून तो रोज देतो. गेल्या वर्षी किंग पोस्टची (मागची बूम जिथे वळते तो सांधा) पिन-बुश ऐन सीझनमध्ये बदलली, चार दिवस मशीन उभी होती. यंदा अजून प्ले (पिन झिजून ढिली हलणं) नाही.

पण पहिल्या पावसानंतर एक निप्पल ग्रीस घेईना. वर आपली काळी माती सिमेंटसारखी बसलेली. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली, कपलर लावला, ट्रिगर दाबला, तर होस ताठ आणि ग्रीस कुठेच नाही. निप्पल खोललं तर आतलं भोक वाळलेल्या ग्रीसने बुजलेलं. डिझेल सोडून, तारेने साफ करून नवं निप्पल बसवलं. मग पिनीच्या कडेने आधी काळं, कचकचणारं ग्रीस निघालं, मागून नवं. अशा वेळी होस मुठीत धरू नका. फाटली तर ग्रीस कातडीखाली शिरतं. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, पण तडक दवाखाना गाठावा लागतो.

माझी खरी तक्रार वेगळीच. हातगनचा लिव्हर जड झाला की हाताला कळायचं, पुरे. हिला मायादया नाही. रोटाव्हेटरच्या साइड बेअरिंगला पोराने ट्रिगर दाबून ठेवला आणि सील बाहेर आलं. त्यात चिखल गेला, आठवड्यात बेअरिंग गेलं. चूक आमचीच, पण सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती.

मे महिन्यात केबिनमध्ये ठेवलेली बॅटरी चार्जरला लावली की नुसता लाल दिवा. सर्व्हिसवाल्याला तीन फोन केले, उत्तर नाही. शेवटी कळलं, गरम बॅटरी चार्जच होत नाही. सावलीत तासभर ठेवा, मग घेते. गन नव्याने भरल्यावर हवा धरते, तीही आधी काढावी लागते. आणि दोन जातींचं ग्रीस एकात एक करू नका. रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नसतं.

एकच ट्रॅक्टर असेल तर हे पैसे वाचवा, साधी हातगन पुरते. बॅकहो किंवा पोकलेन असेल तर घ्या, जास्तीच्या बॅटरीसकट. माझी जुनी हातगन टूलबॉक्समध्येच आहे, रोटाव्हेटरच्या बेअरिंगला अजून तीच लागते.