सेंट जॉन्स वर्ट की व्हॅलेरियन?

दोन्ही औषधी वनस्पती; बाटल्या दुकानात शेजारी असतात, पण कामं वेगळी. सेंट जॉन्स वर्ट सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी, व्हॅलेरियन झोपेसाठी.

सेंट जॉन्स वर्टचा पुरावा जास्त भक्कम, आणि धोकाही जास्त. प्रमाणित अर्काची नेहमीची मात्रा ३०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा. फरक कळायला ४ ते ६ आठवडे लागतात. यातला हायपरफोरिन हा घटक यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतो, त्यामुळे इतर औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची काही औषधं, सगळ्यांचा असर घटतो. अर्क थांबवल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे रेंगाळतो. नैराश्याच्या गोळ्यांसोबत तर घेऊच नका: सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ सुरू झाला तर तातडीने दवाखाना गाठा. बायपोलर आजारात उन्मादाचा झटका येऊ शकतो. उन्हात त्वचाही भाजू शकते.

व्हॅलेरियन त्या मानाने सौम्य, पण गुण येईलच याची खात्री नाही; अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. २ ते ३ ग्रॅम वाळलेलं मूळ कपभर गरम पाण्यात झाकून १० ते १५ मिनिटं ठेवा, गाळून झोपण्यापूर्वी अर्धा-एक तास प्या. वास उग्रच असतो, माल खराब समजू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते. सकाळी जड वाटत असेल तर गाडी चालवू नका.

गरोदरपणात आणि स्तनपान सुरू असताना दोन्ही टाळा. रोजचं कुठलंही औषध सुरू असेल, तर सेंट जॉन्स वर्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.