उपकथांसाठी वाचायचं तर ‘१०० बुलेट्स’ की ‘क्रिमिनल’?

दोन्ही कॉमिक्स मालिका गुन्हेगारी जगातल्या, दोन्ही लांब पल्ल्याच्या. पण आडवाटेला गेलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, यात दोघींत मोठा फरक आहे. निवड त्यावरूनच करावी, असं मला वाटतं.

ब्रायन अझारेलो आणि एदुआर्दो रिसो यांची ‘१०० बुलेट्स’ १९९९ ते २००९ अशी बरोबर १०० अंक चालली. एजंट ग्रेव्ह्ज एखाद्या पिचलेल्या माणसाला गाठून ब्रीफकेस देतो. आत पिस्तूल, माग न लागणाऱ्या शंभर गोळ्या आणि त्याचं वाटोळं कोणी केलं याचा पुरावा. पुढचं त्याचं त्यानं ठरवायचं. सुरुवातीला मालिकेचा जीव या सुट्या गोष्टींतच आहे. लूप ह्यूज आणि त्याच्या बापाच्या चार अंकांना तर २००१ साली कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. नंतर मात्र ‘ट्रस्ट’ या गुप्त सत्ताधारी गटाच्या तेरा घराण्यांचं कारस्थान सगळी जागा व्यापतं. नावं लक्षात ठेवली नाहीत, तर मागे जाऊन पानं चाळावी लागतात. मला पूर्वार्धच जास्त भावतो.

एड ब्रुबेकर आणि शॉन फिलिप्स यांची ‘क्रिमिनल’ २००६ साली सुरू झाली. तिथे सगळ्यांना बांधणारं एक मुख्य कथानक नाहीच. एका कथेत कडेला उभा असलेला माणूस दुसरीत नायक होतो. बार चालवणारा नार्ली सत्तरच्या दशकातल्या कथेत मुष्टियोद्धा म्हणून भेटतो. ‘फ्रँक काफ्का’ ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी आधी नुसती येता-जाता दिसते, मग तिच्या चित्रकारावरच अख्खी कथा येते. सगळ्यात जबर धागा टीग लॉलेसचा. मुलाच्या, म्हणजे ट्रेसीच्या, कथेत टीग केव्हाच मेलेला असतो. तो कसा मेला, हे दहाहून अधिक वर्षांनी आलेल्या ‘क्रूएल समर’ या ‘क्रिमिनल’च्याच कथेत उलगडतं. शेवट ठाऊक असूनही जीव टांगणीला लागतो. ही ताकद उपकथांच्या साठलेल्या ओझ्यातून येते, आणि म्हणून माझा कौल ‘क्रिमिनल’ला.

अगदीच वेगळं हवं असेल, तर डेव्हिड लॅपहॅमची १९९५पासूनची ‘स्ट्रे बुलेट्स’ आहे. तिच्यात घरातून पळालेल्या व्हर्जिनियानं कल्पिलेली एमी रेसकार मधूनच अचाट अंक बळकावते. काहींना हा व्यत्यय वाटतो. मला त्यातूनच ती मुलगी कळली.

एकसंध गोष्ट आणि ठाम शेवट हवा असेल, तर ‘१०० बुलेट्स’ पहिल्या अंकापासून क्रमानं वाचा. ‘क्रिमिनल’ बहुतेक कुठूनही सुरू करता येते, फक्त ‘क्रूएल समर’ आधी हातात घेऊ नका.