सेकंड लाइफमध्ये लोकांचं गाव वसवायचं, तर पैसा कसा उभा करायचा?

दहा-पंधरा जणांनी सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात जागा घ्यायची आणि निवडणुका घेऊन कारभार करायचा, असं ठरलं असेल तर घटनेच्या मसुद्याआधी महिन्याच्या खर्चाचं बोलून घ्या. तिथली जमीन ते जग चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीच्या सर्व्हरवर असते. शुल्क थकलं की गाव जातं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे मेनलँडवर, म्हणजे कंपनीच्याच सामाईक भूखंडावर, गटाच्या नावाने जमीन घेणं. वर्गणी भरणाऱ्या प्रीमियम सभासदाला 1,024 चौरस मीटरची टिअर, म्हणजे तेवढी जमीन बाळगण्याची मर्यादा, वेगळे पैसे न भरता मिळते, ती तो गटाला देऊ शकतो. वर गटाला 10 टक्के जमीन जास्त मिळते. म्हणजे दहा जण मिळून 11,264 चौरस मीटर. कुणाच्या हाती रोकड नाही, खजिनदाराची गरज नाही. पण एक जण रुसून गेला की हजारावर चौरस मीटरचा आधार एका दिवसात जातो, आणि बहुतेक वेळा नेमकी त्याच जागेवर चावडी बांधलेली असते. शिवाय गटात 'ओनर' केलेल्या माणसाला दुसरा कुणी काढू शकत नाही. निवडणूक हरला तरी सगळे अधिकार त्याच्याकडेच राहतात. स्वराज्यासाठी मला ही मोठी खोट वाटते.

दुसरी वाट खाजगी बेटाची. बेट घ्यायचं, प्लॉट पाडायचे आणि नागरिकांकडून दरमहा जमीनपट्टी घ्यायची. 2004 मध्ये नॉयआल्टेनबुर्ग या तटबंदीच्या बव्हेरियन धाटणीच्या गावापासून सुरू झालेला, पुढे कॉन्फेडरेशन ऑफ डेमोक्रॅटिक सिम्युलेटर्स झालेला समुदाय असाच चालला. जमीन घेणारा तो नागरिक, आणि नागरिकांनी निवडलेली प्रतिनिधी सभा.

हिशेब करून पाहा. पूर्ण बेट 65,536 चौरस मीटरचं. रस्ते, चौक, सभागृह यांना 40 टक्के सोडले तर 512 चौरस मीटरचे 76 प्लॉट पडतात. बेटाचं शुल्क महिन्याला 200 डॉलर धरलं तर सगळे प्लॉट गेल्यास प्रत्येकी पावणेतीन डॉलरच्या आत भागतं. चाळीसच गेले तर पाच डॉलर. म्हणून पट्टी ठरवताना निम्मे प्लॉट रिकामे धरूनच ठरवा, नाहीतर उरलेल्यांवर बोजा पडतो आणि तेही सोडून जातात. दर बदलतात हेही लक्षात असू द्या: 2006 च्या नोव्हेंबरात नव्या बेटांचं मासिक शुल्क 195 वरून 295 डॉलर झालं होतं.

देणग्या किंवा एखादा दाता हवा तर घ्या, पण सणासमारंभापुरता. खर्च एकट्याने उचलला की मतदानाला काय अर्थ उरतो? आणि सवलतीवर विसंबणंही धोक्याचं. शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांची निम्म्या दराची सवलत 2011 च्या सुरुवातीला बंद झाली, ती 2013 मध्ये परत आली. मधल्या काळात कितीतरी संस्थांनी बेटं सोडली.

तेव्हा दहाच्या आत असाल तर मेनलँड पुरे. वीस-पंचवीस नियमित येणारे असतील तर जमीनपट्टी, आणि निदान तीन महिन्यांचं शुल्क बाजूला ठेवूनच बेट घ्या. बेट शेवटी एकाच खात्याच्या नावावर असतं. ते खातं कुणाचं, तो माणूस सोडून गेला तर ते कुणाकडे जाईल हे आधी लिहून काढा. आणि ज्या कार्डातून शुल्क कापलं जातं त्याची मुदत कधी संपते, ती तारीख आणखी दोघांना तरी ठाऊक असू द्या.