रायझन ९ ९९५०एक्स३डी की कोअर अल्ट्रा ९ २८५के: कोणी कुठला घ्यावा

वरच्या टोकाचा डेस्कटॉप प्रोसेसर घ्यायचा म्हटलं की गाडी बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबते, एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स३डी आणि इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के. २८५के ऑक्टोबर २०२४ मध्ये ५८९ डॉलरला आला, ९९५०एक्स३डी मार्च २०२५ मध्ये ६९९ डॉलरला. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि भाव सारखे हलत असतात, म्हणून रुपयातला आकडा देत नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत दोन-तीन दुकानं फिरा, ऑनलाइन भाव बघा आणि मग बोला. माझं मत आधीच सांगतो, दोन्ही प्रोसेसर दमदार आहेत, पण रोजचं काम नक्की काय हे ठरवल्याशिवाय घेतलात तर यातला कुठलाही महागात पडेल.

आधी ९९५०एक्स३डी. १६ कोअर म्हणजे काम करणारे भाग, ३२ थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, बूस्ट म्हणजे क्लॉकचा (चालण्याच्या वेगाचा) वरचा टप्पा ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि एल३ कॅश म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी १२८ एमबी. नावातलं ३डी या जादा कॅशमुळे आहे. गेमला सारखा लागणारा डेटा रॅममधून आणायचा तर प्रोसेसर वाट बघत बसतो, तोच डेटा शेजारच्या कॅशमध्ये मावला की फ्रेमरेट चढतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मध्येच बसणारे झटके कमी होतात. आधीच्या ७९५०एक्स३डी मध्ये हा कॅश कोअरच्या डोक्यावर होता, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडचण व्हायची आणि क्लॉक आवरता घ्यावा लागायचा. या पिढीत कॅश खाली आणि कोअर वर कूलरच्या बाजूला आलेत, त्यामुळे ती कुचंबणा गेली. मला ही या चिपमधली सगळ्यात चांगली सुधारणा वाटते.

पण एक गोम आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. १६ कोअर दोन तुकड्यांत आहेत, आठ-आठ, आणि जादा कॅश फक्त एकाच तुकड्याला आहे, म्हणजे एकीकडे ९६ एमबी आणि दुसरीकडे ३२. गेम बरोबर कॅशवाल्या तुकड्यावर चालला पाहिजे, ते काम विंडोजमध्ये एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि एक्सबॉक्स गेम बार मिळून करतात, चालू आहे तो गेम आहे हे ओळखायचं आणि दुसरा तुकडा झोपवायचा. आता विंडोज हलकं करायच्या नादात बरेच जण पहिल्याच दिवशी कुठलीतरी स्क्रिप्ट मारून गेम बार उडवून टाकतात, मग गेम कुठेही जाऊन बसतो आणि ज्या कॅशसाठी एवढे पैसे मोजले तो कॅश रिकामा बसून राहतो. त्यामुळे विंडोज नवं टाका, चिपसेट ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून घ्या, गेम बारला हात लावू नका.

आणि फक्त गेमच खेळायचे असतील तर ९९५०एक्स३डी घेऊच नका, ९८००एक्स३डी घ्या. आठ कोअर, सगळ्यांना तोच ९६ एमबी कॅश, तुकड्यांची भानगड नाही, गेममध्ये जवळपास तेवढाच वेग आणि आला तेव्हा किंमत ४७९ डॉलर. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, तिथे फरक डोळ्यांना दिसेल. ४के वर खेळणार असाल तर सगळा भार कार्डावरच जातो आणि प्रोसेसरमधला फरक तसाही आक्रसतो.

आता २८५के. २४ कोअर, त्यात ८ मोठे आणि १६ छोटे, पण थ्रेडही २४च, कारण इंटेलने यात हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय, काढून टाकलं. यात मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या तुकड्यावर गेला, रॅमपर्यंत पोचायला जास्त वेळ लागायला लागला आणि त्याचा फटका गेमला बसला, इतका की काही गेममध्ये हा आपल्याच घरच्या जुन्या १४९००के च्या मागे पडला. नंतर अपडेट आले, एप्रिल २०२५ मध्ये वॉरंटी न जाता वेग वाढवणारा २०० एस बूस्ट नावाचा प्रोफाइलही आला, त्याने सुधारणा झाली, पण एक्स३डी ला गाठण्याएवढी नाही.

तरीही २८५के ला मोडीत काढू नका, कारण व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठी गोष्ट उलटी आहे. लग्नाचं शूटिंग करणारे, यूट्यूबवाले, छोटे स्टुडिओ, यातल्या बऱ्याच जणांचे आताचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये, रेकॉर्ड करतात. हे फुटेज टाइमलाइनवर टाकलं की साधा पीसी रडतो, कारण ते उलगडायला खास हार्डवेअर लागतं. ते इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, क्विक सिंक म्हणतात त्याला. रायझनमध्येही आतलं ग्राफिक्स आहे पण ते स्क्रीन चालवण्यापुरतं, ४:२:२ त्याला झेपत नाही, मग सगळा भार कोअरवर येतो. प्रीमिअरमध्ये तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावून प्लेहेड मागेपुढे ओढून बघा, प्रॉक्सी म्हणजे फुटेजची हलकी नक्कल न बनवता, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. जो माणूस दिवसाचे आठ-दहा तास टाइमलाइनवर बसतो त्याला बेंचमार्कमधल्या पाच टक्क्यांपेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. मात्र एनव्हिडियाचं आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड घेणार असाल तर ४:२:२ तेही उलगडतं, मग इंटेलचा हा मुद्दा बराच हलका होतो.

रेंडरिंग, कोड कंपाइल वगैरेत दोघं साधारण बरोबरीत, कुठे हा पुढे कुठे तो. एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात बरेच आकडे हाताळायच्या खास सूचना) वापरणारं सॉफ्टवेअर असेल तर रायझन स्पष्ट पुढे, कारण २८५के मध्ये ते नाहीच. उलट नुसतं ब्राउझर-एक्सेल उघडून दिवसभर पीसी चालू ठेवणाऱ्यांकडे इंटेल वीज कमी खातो. एआयसाठी म्हणून २८५के घेऊ नका, त्यातला एनपीयू, म्हणजे एआयची गणितं करणारा भाग, १३ टॉप्सचा (टॉप्स म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) आहे आणि मायक्रोसॉफ्टला कोपायलट प्लस या विंडोजमधल्या एआय सोयींसाठी ४० लागतात.

गरमीचा मुद्दा आपल्याकडे सोडून चालत नाही. पूर्ण भार दिला की २८५के ला २५० वॅटची मुभा आहे, ९९५०एक्स३डी ला २३० ची. कूलर कितीही भारी घ्या, तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बिनएसीच्या खोलीत ती हवाच चाळिशीत असते. डब्यात कूलर दोघांच्याही येत नाही, चांगला ३६० एमएम लिक्विड कूलर नाहीतर मोठा दोन पंख्यांचा एअर कूलर याचे पैसे आधीच धरा. रायझनला बायोसमध्ये (पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) इको मोड आहे, त्याने १०५ वॅटच्या गटात आणून ठेवा, वेगात थोडीशीच घट होते आणि खोली बरीच सुसह्य राहते. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर चालवणाऱ्यांनी तर हे करावंच.

रॅमचं नीट बघा. दोघांनाही डीडीआर५ च लागते आणि २०२५ च्या शेवटी तिचे भाव भडकले, कधी कधी प्रोसेसरपेक्षा रॅमच बजेट खाते. रायझनवाल्यांनी चार स्टिक लावू नका, दोन स्टिकवर अधिकृत वेग ५६०० आहे तो चारवर थेट ३६०० वर येतो. १२८ जीबी लागणार असेल तर ६४ च्या दोन घ्या.

जुनी डीडीआर४ पडून आहे म्हणून १४९००के चा विचार करणारेही आहेत. १३व्या-१४व्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याची भानगड झाली होती, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट, दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा कोरा घेऊन बायोस लगेच अपडेट करणार असाल तर ठीक, सेकंडहँड मात्र अजिबात नको, आधीच्या मालकाने तो किती दिवस बिनअपडेटचा पळवला हे कळायला मार्ग नाही.

माझी निवड विचाराल तर दिवसा रेंडर-कंपाइल आणि रात्री गेम असं दोन्ही खरोखर करणाऱ्याने ९९५०एक्स३डी घ्यावा. गेम खेळतच नसाल तर साधा ९९५०एक्स पुरतो, तेच १६ कोअर, जादा कॅशचे पैसे वाचतात. पूर्णवेळ एडिटर आणि कार्ड जुनं, तर २८५के. पाच-सहा वर्षं पीसी ठेवून मध्येच फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर रायझनकडे झुका, एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं एएमडीने सांगितलंय. फक्त एएम५ चा जुना स्टॉकमधला बोर्ड देत असतील तर दुकानातच बायोस अपडेट करून घ्या, किंवा मागे यूएसबी फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं, बटण असलेला बोर्ड मागा, नाहीतर नवा प्रोसेसर बसवूनही स्क्रीन काळीच राहील आणि परत दुकानाच्या खेपा.